इथं ओके दिसतंय

आपला आवाज असा आहे हे मला त्रेपन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या काळ्या स्पीकरमधून तो आला, पातळ, घाईतला, थोडा नाकातला, आणि तो माझा आहे हे माझ्या आधी माझ्या मानेला कळलं. मान खाली गेली. टेबलाभोवती आम्ही चौघे होतो: आमचा प्रमुख, गोदामांचा व्यवस्थापक, कर्मचारी विभागातली चष्म्याची बाई आणि मी. पाचवी ती. ती नऊ तासांच्या अंतरावर, फोनवर, त्याच स्पीकरच्या आत कुठेतरी होती आणि स्वतःचंच बोलणं आमच्याबरोबर ऐकत होती. ऑफिसच्या लाइनवरचे सगळे फोन रेकॉर्ड होतात हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं. मरण येणार हेही सगळ्यांना माहीत असतं. रेकॉर्डिंग दोनच मिनिटांचं होतं, पण प्रमुखाने शेवटचा तुकडा पुन्हा लावला. "दादा, इथं ओके दिसतंय," ती म्हणते. मग कुणीच बोलत नाही, नुसते तिच्या बाजूचे पंखे घोंघावत राहतात. मग माझा तो आवाज: "पॉवर काढ." दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, म्हणून मला कळलं की मधली शांतता चार सेकंदांची आहे. चार सेकंद हा फार मोठा वेळ असतो. त्यात माणूस शिंकून, रुमाल काढून, तोंड पुसून पुन्हा सभ्य होऊ शकतो. प्रमुखाने बटण दाबलं आणि कागद पुढे ओढला.

माझं काम काय ते एकदा सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या चार सेकंदांत काय काय मावलं ते कळायचं नाही. आमची औषधांच्या गोदामांची कंपनी. कुठल्या दवाखान्याला कुठली पेटी कुठल्या थंड गाडीतून जायची हे एक जुनं मशीन ठरवतं. ते इथे नाही. जागा स्वस्त म्हणून दूरच्या एका गावात, एका थंड खोलीत ठेवलेलं आहे, आणि मी इथे सहाव्या मजल्यावर बसून त्याच्याशी बोलतो. माझी बायको याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. एरवी मी नेटवर्कवरून जातो, ते पुढचं दार. पुढचं दार अडलं की मागचं लागतं. प्रत्येक मशीनच्या पाठीला एक जुनाट सिरियल पोर्ट असतो, त्यातून एक वायर निघते, अशा सोळा वायरी एका डब्यात जातात. कन्सोल सर्व्हर हे त्याचं शाळेतलं नाव. आम्ही डबाच म्हणतो. मी इथून डब्याला हाक मारायची, डब्याने सातव्या वायरीतून मशीनला, आणि मशीन कितीही अडचणीत असलं तरी तेवढ्या वाटेने दोन शब्द बोलतं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मला त्यातलं तेच आवडायचं. जे आहे ते म्हणायचं, नाही ते म्हणायचं नाही. माणसंही अशी असती तर किती सोपं झालं असतं, असं मी तरुणपणी चारचौघांत म्हणायचो आणि लोक हसायचे.

या डब्याची एक खोड आहे. तो बंद होऊन पुन्हा चालू झाला की वायरीतला दाब क्षणभर जातो, आणि जुन्या मशीनला वाटतं की मालकाने थांब म्हटलं. याला ब्रेक म्हणतात. मशीन आज्ञाधारक, हातातलं काम हातात धरून जागच्या जागी उभं राहतं आणि पडद्यावर एकच शब्द लिहितं: ओके. मला हा धंदा शिकवणारा एक म्हातारा होता, तंबाखूने दात काळे झालेला, नोकरीच्या शेवटच्या वर्षातही मशीनच्या पाठीमागे पालथा झोपून काम करणारा. तो म्हणायचा, "मेलेलं मशीन गप्प असतं रे. ओके म्हणालं तर समजायचं, जिवंत आहे, तुझ्या तोंडाकडे बघतंय." त्यापुढे दोन अक्षरं टाकायची. जी, ओ. गो. चल. की मशीन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केल्यासारखं पुढे चालू लागतं, पाच सेकंदांत, आणि जगाला पत्ताही लागत नाही. ही गोष्ट मी आयुष्यात दोघांना शिकवली. एक आमचा आताचा प्रमुख, तेव्हा तो माझ्या हाताखाली नवा लागलेला होता आणि मला सर म्हणायचा. अजूनही म्हणतो, फक्त आता त्या शब्दाला धार आहे. जुन्या मशीनला त्याने कित्येक वर्षांत हात लावलेला नाही, तो हे सगळं विसरला असणार अशी माझी खात्री होती. दुसरी ती.

तिला मी कधी पाहिलेलं नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. त्या गावात तिला किल्लीबाई म्हणतात, कारण मशीनच्या खोलीच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. कागदावर तिचं काम तेवढंच, दार उघडणं, झाडणं, तपमान लिहून ठेवणं. कंत्राट वर्षावर्षाचं. पण नऊ वर्षं ती माझे हात होती. डावीकडून तिसरी वायर, निळी नव्हे करडी, ओढ, ती ओढायची. पडद्यावर काय आहे वाच, ती वाचायची. सुरुवातीला तिला चिन्हांची नावं ठाऊक नव्हती आणि मला तिला इंग्रजी नावं पाठ करायला लावायची लाज वाटली, म्हणून आम्ही आमचीच ठरवली. जाळी, नागमोडी, उभी काठी, कोंबडीचा पाय. "नागमोडी, मग टिंब," मी म्हणायचो आणि ती तसंच दाबून म्हणायची, "दाबलं दादा, बाहेर पडले." शेजारच्या टेबलावरची माणसं डोळे मोठे करून बघायची. पडद्यावरचं अक्षर अक्षर वाचायचं, हे होतंच; त्यापलीकडे मी तिला एकच नियम घातला होता: अंदाजाने काही सांगायचं नाही, करायचं नाही. आधी मला सांगायचं, मी म्हटलं की करायचं. ती हुशार होती, माझ्यापेक्षाही असेल; कधीकधी फोन उचलल्या उचलल्या म्हणायची, "दादा, आज चौथ्या मशीनच्या पंख्याचा गळा बसलाय," आणि दोन दिवसांनी तो पंखा खरंच बंद पडायचा. वरच्यांना मी कळवायचो, पंखा बदलण्याची वेळ झाली होती असं माझं निरीक्षण आहे. माझं निरीक्षण! तिचं नाव मी कधीच लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो.

पहिले तीन महिने ती मला सर म्हणायची. मग एका दुपारी तिचा फोन आला आणि ती बोलेचना, नुसती धापा टाकत होती. तिची आई घरातून निघून गेली होती. आईला विसरण्याचा आजार. घर खोलीपासून दोन मिनिटांवर, म्हणूनच तर तिने ही तुटपुंजी नोकरी धरली होती, मधे पळत जाऊन आईला गोळी देता यायची, दार लावलंय ना बघता यायचं. त्या दिवशी दार राहिलं. मला का फोन केला ते तिलाही सांगता आलं नाही; हातात फोन होता आणि शेवटचा नंबर माझा होता, एवढंच. मी तासभर लाइनवर राहिलो. शेजारच्या गल्लीत बघ, मग मोठ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला, मग पाण्याच्या टाकीमागे. न पाहिलेल्या गावातून मी तिला असा फिरवत होतो, वायरीचा मागोवा घ्यावा तसा, एकेक टोक तपासत. शेवटी म्हटलं, परत खोलीवर जा. आई खोलीच्या पायरीवर बसलेली होती. मुलगी कुठे जाते ते तेवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. ती फोनवर रडली आणि रडता रडता म्हणाली, "सापडली दादा." त्या दिवसापासून दादा. घरी मी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुझ्या सख्ख्या बहिणीला फोन करून वर्ष झालं, आणि ही फोनवरची बहीण बरी सापडली." टोमणा होता, पण मला तो गोड लागला. माणसाला फुकटात चांगलं व्हायला मिळालं की तो सोडत नाही.

तर मंगळवार. सकाळी सव्वादहा. मशीनचं पुढचं दार जरा अडत होतं, म्हणून मी डब्याला हाक मारली आणि सातवा पोर्ट मागितला. डब्याने उत्तर दिलं: पोर्ट वापरात आहे. वापरणारा म्हणून माझंच नाव. शुक्रवारी मी बाहेर न पडताच पडदा बंद करून घरी गेलो होतो आणि तो शुक्रवारचा मी अजून आत बसलेला होता, दार अडवून. हसण्यासारखं होतं, पण पाठीमागे प्रमुख कॉफीचा कप घेऊन उभा होता. "किती वेळ, सर?" अशा वेळी रीत अशी की आत अडकलेलं ते एकच बोलणं शोधून तोडायचं. दोन ओळींचं काम, पण त्या ओळी मला आठवेनात. त्रेपन्नाव्या वर्षी विसरणं हे आमच्या धंद्यात हळूहळू जगजाहीर होत जातं, आणि कप घेऊन पाठीमागे उभं राहणाऱ्यांना ते आधी कळतं. वही खणात होती. खण उघडून वही काढणं म्हणजे पाठीमागच्याला सांगणं की बाबा रे, मला आठवत नाही. मी वही काढली नाही. मी इथूनच आज्ञा देऊन डबाच बंद करून चालू केला. डब्यावर लाल शाईत लिहून लावायला मीच तिला सांगितलं होतं, हा डबा कोणीही बंद करू नये. कोणीही म्हणजे मी सोडून, असं तेव्हा माझ्या मनात असावं.

डबा परत आलाच नाही. कधीकाळी मी त्याला दिलेला पत्ता त्याने लक्षात ठेवावा म्हणून एक आज्ञा द्यायची असते, ती मी दिलेली नव्हती. उद्या देऊ. चार वर्षं उद्या देऊ. तो पत्ता विसरून कोरा होऊन उठला आणि नेटवर्कवर त्याला शोधायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर गोदामांतून फोन सुरू झाले. पेट्या अडल्या, गाड्या अडल्या, मशीन जागच्या जागी थिजलं होतं. मी तिला फोन लावला, ऑफिसच्या लाइनवरून, कारण प्रमुख अजून तिथेच होता.

"अगं, डबा गेलाय बघ."

"गेलाय म्हणजे? दिवा तर हिरवा आहे, दादा."

"आपोआप गेला. आत जाऊन बघ जरा."

"आपोआप?" तिने विचारलं. मग म्हणाली, "बरं. मी लॅपटॉप सरळ मशीनच्याच पाठीला लावते, डबा राहू दे बाजूला."

हे मी सांगितलं नव्हतं. हे मी तिला शिकवलं होतं, ही त्यातली फजिती. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला त्या नकोचं काय कारण देणार होतो? वायर खुपसल्याचा खट्ट आवाज आला. पडदा जागवणारी एक कळ दाबल्याचा आला, मग आणखी एक.

"दादा, इथं ओके दिसतंय."

आता त्या चार सेकंदांबद्दल. नंतरचे तीन दिवस मी स्वतःला एक कथा सांगत होतो आणि ती कथा वाईट नव्हती. ती अशी की, ओके दिसतंय म्हणजे सगळं ठीक दिसतंय असं मी ऐकलं. कुणीही तसंच ऐकलं असतं. आपण दिवसात वीस वेळा म्हणतो, तब्येत ओके दिसतेय, हवा ओके दिसतेय. पडद्यावर ओके हा शब्द आलाय असं तिला म्हणायचं होतं, तर तिने ओ, के असं अक्षर अक्षर वाचायला हवं होतं, तसा नियमच होता. ही कथा मी अंघोळ करताना, रस्ता ओलांडताना, जेवताना स्वतःला सांगितली आणि प्रत्येक वेळी ती थोडी जास्त पटली. चोराच्या मनात चांदणं असतं खरं, पण थोडा धीर धरला तर चोराला त्या चांदण्यात वाचताही येतं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ते चार सेकंद. सगळं ठीक दिसतंय असं ऐकणारा माणूस लगेच म्हणतो, अगं ठीक कसलं, इथे बोंब झालीय. तो चार सेकंद गप्प राहत नाही.

मी समजलो होतो. पहिल्याच सेकंदाला समजलो होतो. तिच्या तोंडून तो शब्द निघाला आणि मला तो काळ्या पडद्यावर दिसला, दोन लहान अक्षरं आणि पुढे लुकलुकणारी चौकट. दुसऱ्या सेकंदाला पाठीमागून प्रमुख म्हणाला, "काय म्हणतेय?" तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये आलेला नाही, तो हळू बोलतो. गो म्हटलं असतं तर मशीन चालू झालं असतं आणि चालू होताच त्याने आपल्या नोंदवहीत लिहिलं असतं: दहा बावीसला ब्रेक आला. ब्रेक कुठून आला, तर डबा बंद झाला. डबा कुणी बंद केला? मग वही, मग खण, मग त्रेपन्न. तिसऱ्या सेकंदाला मी हात फोनवर ठेवून म्हटलं, "म्हणतेय, सगळं ओके दिसतंय." एवढं सोपं होतं. शब्द तेच, एकही अक्षर मी बदललं नाही, नुसता 'सगळं' हा शब्द घातला. आणि पॉवर काढली की मशीनच्या पोटातला तो क्षण पुसला जातो, वीज गेली होती एवढंच उरतं. चौथ्या सेकंदाला मी हात काढला आणि पॉवर काढ म्हणालो. मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. एवढा मी दुष्ट नाही, हे कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. ती म्हणाली, "पॉवर? दादा, नक्की?" मी म्हणालो, "बघत काय बसलीस, काढ." हेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

जुनं मशीन असं अचानक बंद पडलं की उठताना आपली प्रत्येक डिस्क तपासतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. चार तास चाळीस मिनिटं. अकरा गाड्या दारात उभ्या राहिल्या. दोन गाड्यांतल्या इंजेक्शनच्या पेट्या ऊन झाल्या आणि फेकाव्या लागल्या. ती तेवढा वेळ त्या थंड खोलीत पडद्यासमोर उभी होती आणि दर दहा मिनिटांनी मला टक्के सांगत होती. एकतीस, दादा. चौतीस. मधे एकदाच म्हणाली, "आईची गोळी द्यायची होती, दोन मिनिटांत येते." मी म्हणालो, "जा जा," आणि मला स्वतःच्या चांगुलपणाने भरून आलं.

बैठक शुक्रवारी झाली, चार वाजता. अहवालाच्या कागदावर दोन चौकटी होत्या, चुकीची सूचना आणि चुकीची माहिती, आणि त्यातल्या एकीवर खूण करायची होती. पहिली चौकट माझी, दुसरी तिची. व्यवस्थापक बोलून बोलून थकला होता. प्रमुखाने पेनाचं टोपण काढलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "सर, ओके दिसतंय म्हणजे तिला नेमकं काय म्हणायचं असेल?" चष्म्याची बाई माझ्याकडे बघत होती, माझ्या ओठांकडे. मला माझा मुलगा आठवला, शेवटच्या वर्षाला आहे. मला माझी साखर आठवली. या वयात बाहेर मला कोण विचारणार हे आठवलं. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"सगळं ठीक आहे असं तिला वाटलं असावं," मी म्हणालो. "नियमाप्रमाणे अक्षरं वाचली नाहीत. त्यामुळे गैरसमज झाला."

स्पीकरमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" प्रमुखाने विचारलं.

मला तिची खोली ऐकू येत होती, चौथ्या मशीनचा नवा पंखा, आणि मी मनात म्हणत होतो, बोल, बाई, बोल, सांग यांना. हे मी अगदी मनापासून म्हणत होतो. तिने बोलावं म्हणजे मला बोलायला लागू नये.

"दादा म्हणतात तर तसंच असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या चौकटीवर खूण झाली. महिनाअखेरीस कंत्राट संपतं, पुढे वाढवायचं नाही, असं ठरायला दीड मिनिट लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं म्हणतात. पण चोराला फाशीच्या बैठकीला बोलावून चहा देतात हे म्हणीत आलेलं नाही. मी तो चहा प्यालो. गरम होता.

घरी बायकोने विचारलं, तुझ्या त्या बहिणीचं काय झालं. म्हटलं, काढलं तिला. "अरेरे. चूक तिची होती?" मी म्हणालो, "गुंतागुंतीचं आहे." ती माझ्याकडे बघत राहिली, एवढी वर्षं बघतेय तशी, आणि मग भांडी आवरायला उठली. नळाच्या आवाजातूनच ती म्हणाली, "तुझं गुंतागुंतीचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे." शनिवार-रविवार मी काहीच केलं नाही. खणातली वही घरी आणली होती, ती उघडून बसलो. अडकलेलं बोलणं तोडायच्या त्या दोन ओळी तिसऱ्याच पानावर होत्या, माझ्या तरुण, गोलसर अक्षरात, खाली दोनदा रेघ मारलेली. मला स्वतःची इतकी घृणा आली की मी ते पान फाडलं, आणि मग लागेल म्हणून चिकटवलं.

सोमवारी सकाळी मी प्रमुखाच्या खोलीत गेलो. उभ्यानेच सांगितलं. डबा मी बंद केला, ब्रेक माझ्यामुळे आला, ती बरोबर सांगत होती, मी समजलो होतो. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्ची दाखवली.

"सर, ओके म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं?"

मी बसलो.

"तुम्हीच ना? त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगून. तिने फोनवर म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं, मी मागेच तर उभा होतो. तिचा आवाज बाहेर येत होता."

"मग बैठकीत विचारलंत कशाला?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं." तो हसला नाही, हसला असता तर बरं वाटलं असतं. "तुमचं नाव घातलं असतं तर तुम्हाला काढावं लागलं असतं. मग ते मशीन कोण बघणार? मला येत नाही. तिकडे किल्ल्या सांभाळायला दहा माणसं मिळतील."

"तिला येतं," मी म्हणालो. "मशीन तिलाही येतं."

"हे तेव्हा बोलायचं, सर. आता अहवाल वर गेला." त्याने कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं. "आणि हो, पुढच्या महिन्यापासून रविवारचंही तुम्हीच बघा. तुम्ही नाही म्हणणार नाही, मला माहितेय." मी नाही म्हटलं नाही. साप चावला असता तर निदान ओरडता आलं असतं.

दुपारी मी खाली उतरलो. ऑफिसच्या लाइनवरून नाही, एवढी अक्कल आता आली होती. गाड्या लावायच्या जागेत, दोन मोटारींच्या मधे उभा राहून स्वतःच्या फोनवरून तिला लावला. ऊन लागत होतं. मी काय म्हणायचं ते पाठ केलं होतं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, ती रडली तर तिसरं.

"बोला," ती म्हणाली.

"मला तुला काही सांगायचंय. त्या दिवशी डबा आपोआप गेला नव्हता. मीच..."

"माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डबा बंद झाल्याशिवाय ओके येत नाही. खोलीत मी एकटी होते, आणि मी काही हात लावला नव्हता."

माझी पाठ केलेली वाक्यं संपली होती. "मग बैठकीत बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

तिच्या मागे भांडं पडल्याचा आवाज आला आणि ती फोन बाजूला धरून म्हणाली, "आई, बस तिथंच. कुठं जायचं नाहीये." मग परत आली. दुसरं काम बघितलंय, म्हणाली, बसने तासाभरावर आहे, आईचं काय करायचं ते ठरायचंय, बाहेरून कुलूप घालावं लागेल बहुतेक. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. तपमान सांगावं तसं सांगितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला माफ कर म्हणायला हवं होतं, तेवढ्यासाठीच तर मी खाली उतरलो होतो. आणि माझ्या तोंडातून, त्याच नाकातल्या घाईतल्या आवाजात, हे निघालं: "पण तू तेव्हा नीट अक्षरं वाचली असतीस ना, ओ, के, अशी, तर हे झालंच नसतं."

या वेळी मी सेकंद मोजले नाहीत.

"वाचायचं काय त्यात," ती म्हणाली. "ओकेपुढे मी जी टाकला होता. ओ तेवढा राहिला होता. म्हटलं, दादांना विचारून टाकावा."